आत्मारामाचं पान

शुक्रवारची सकाळ होती. कतारमध्ये, दोह्याच्या अल नस्र भागातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत मी कपडे वाळत घालत होते आणि नाशिकहून कुमुदकाकूंचा फोन आला. "अगं, हे गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. सोनटक्के काका सुट्टीवर गावी गेले होते आणि तिथेच पहाटे झोपेत गेले. माझ्या हातातला फोन माझ्या मुलीने, रेवाने घेतला. ती काकूंशी जे बोलली, त्यासाठीच काही आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे. पण ते बोलणं समजायचं तर आधी काका माहीत हवेत, आणि काकांच्याही आधी आत्माराम.

काका आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचे. एका स्टेडियमच्या कामावर ते सेफ्टी ऑफिसर होते. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत चालला होता आणि सगळं दोहा शहर उकरून ठेवलेलं. काल गेलो तो रस्ता आज बंद, वळसा घालून गेलं तर तिथेही रस्ता अडवणारी नारिंगी डबडी मांडलेली. काका दिवसभर उन्हात कामगारांना इथल्या अरबी-हिंदीत "यल्ला भाई, हेल्मेट पहनो", म्हणजे चला, घाला, करत फिरायचे, आणि संध्याकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून कॉमिक्स वाचायला बसायचे. साठी उलटलेला माणूस! काकू कपाळाला हात लावायच्या. ती कॉमिक्स होती अणुबाँबच्या काळातली, परदेशात छापलेली. ससे, खारी, बेडूक असल्या प्राण्यांच्या अंगात अणुशक्ती शिरायची आणि ते झगा घालून उडायला लागायचे. "मोठी माणसं बाँबला टरकली होती," काका म्हणायचे, "पण पोरांना तसं सांगणार कसं? म्हणून त्यांनी तो बाँब एका एडक्याला खाऊ घातला."

तो एडका, तो शिंगाळा मेंढा, म्हणजे काकांचा हिरो. नाशिकला रद्दीच्या दुकानात त्यांना लहानपणी त्याचा एकच अंक सापडला होता. कव्हरवर इंग्रजीत 'अ‍ॅटम रॅम' असं नाव. काका तेव्हा नुकते एबीसीडी शिकलेले. त्यांनी अक्षराला अक्षर जोडलं, ए-टी-ओ-एम, आर-ए-एम, आणि खणखणीत वाचलं : आत्माराम. एडका आपलाच निघाला म्हणून त्यांना कोण आनंद झाला. चमकणारं गवत पोटात गेलं की आत्माराममध्ये ताकद यायची, हेही त्यांना पटलं, कारण घरात वडील जेवून उठले की पोटावरून हात फिरवत "आत्माराम शांत झाला" म्हणायचेच.

पण अंकाचं शेवटचं पान फाटलेलं होतं. दुष्ट कोल्हा गावावर बाँब टाकतो, आत्माराम तो शिंगांवर झेलून आभाळात नेतो, मोठा धडाका होतो आणि तो खाली धुळीत पडतो. पुढे काही नाही. काका भोकाड पसरून रडले. आईने विचारलं तर म्हणाले, "आत्माराम गेला." आता गल्लीत आत्माराम नावाचे एक दूधवालेही होते. आईने डोळ्यांना पदर लावला आणि वडिलांना तिकडे पिटाळलं. वडील पडेल चेहऱ्याने दार वाजवतात, तर दार उघडायला खुद्द आत्माराम... हा किस्सा काका दर वेळी उभं राहून, दोन्ही आवाज काढून सांगत. हसून झालं की मात्र म्हणत, "दूधवाला वाचला. आमचा एडका काही उठला नाही." त्यांच्या मुलाने एकदा सुचवलं, इंटरनेटवर शोधूया, शेवट मिळेल. काका चिडले. "मला त्याचा शेवट इंग्रजीत नकोय. तो आत्माराम आहे."

तो शेवट त्यांना आमच्या पोरांकडून हवा होता, आणि इथेच गाडं अडलेलं. इथली आमची मुलं मराठी समजतात, उत्तर इंग्रजीत देतात. रेवा तर त्यात पहिली. सांगलीच्या आजीचा फोन आला की ती "हाय आजी, आय लव्ह यू" म्हणून पळून जायची आणि आजी फोन धरून बसून राहायची. काकांनी दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, पोरं जमवायला सुरुवात केली. चित्रातल्या बोलण्यावर ते अंगठा ठेवायचे. एडका काय म्हणतोय ते मराठीत सांगा, मगच पान उलटणार. "काका, दॅट्स नॉट फेअर," रेवा फुरंगटायची. "फेअर नसेल, पण हा मेंढा इंग्लिश मीडियमचा नाही," काका म्हणायचे. अंगठा हलायचा नाही.

मग काकांनी नाटकाचं काढलं. इथल्या मराठी लोकांच्या दिवाळीच्या कार्यक्रमात आत्माराम करायचा आणि शेवट मुलांनी ठरवायचा. आत्माराम झाली रेवा. काकांच्या जुन्या पांढऱ्या हेल्मेटला एसीच्या पाइपवर चढवतात त्या काळ्या फोमची वेटोळी शिंगं चिकटवली. रेवाने इंग्रजी अक्षरांत लिहून एक लांबलचक वाक्य पाठ केलं, शांतता आणि मानवता वगैरे असलेलं. काकांना ते मुळीच आवडलं नव्हतं, पण त्यांनी तिला अडवलं नाही.

कार्यक्रमात सगळं सुरळीत चाललं. कोल्हा आला, पत्र्याच्या डब्यांचा धडाका झाला, रेवा आडवी पडली. आता उठून वाक्य म्हणायचं. ती काही उठेना. वाक्य विसरली होती. दुसऱ्या रांगेत काका उभे राहिले होते, दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरून, आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्या क्षणी ते साठीचे नव्हतेच. त्यांचा आत्माराम पुन्हा एकदा धुळीत पडला होता आणि पुढचं पान नव्हतं.

रेवाने मान उचलली. एक शिंग लोंबत होतं.

"मी मेली नाही," ती म्हणाली. "मला भूक लागली. जेवायला काय आहे?"

पाठ केलेलं नव्हतं, व्याकरणही धड नव्हतं, पण ते तिचं होतं. मागून साताऱ्याच्या शिंदे ड्रायव्हरांचा आवाज आला, "पिठलं हाय, ऊठ की बाळा!" आणि सभागृह हशा-टाळ्यांत असं कोसळलं की पुढे वर्ल्ड कपला स्टेडियममध्ये जाऊनही मला तसा गोंगाट ऐकायला मिळाला नाही. काका रडत होते आणि टाळ्या वाजवत होते, दोन्ही एकदम. मीही काही वेगळं करत नव्हते. जेवताना त्यांनी दोनदा पिठलं मागून घेतलं, पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "आत्माराम शांत झाला." इतक्या वर्षांनी त्यांना शेवट मिळाला होता, आणि तो मराठीत होता.

त्यानंतर रेवाची मराठी धो धो वाहू लागली असं मी म्हणणार नाही. ती अजूनही अडखळते, 'तो खुर्ची' म्हणते. पण आजीचा फोन आता ती सोडत नाही.

त्या शुक्रवारी तिने माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता "सो सॉरी" म्हणेल आणि फोन परत देईल. तर तिने विचारलं, "काकू, तुम्ही जेवली का?"

पलीकडे काकू रडायला लागल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, सकाळपासून घर माणसांनी भरलं होतं, पण हे कुणी विचारलंच नव्हतं. रेवा फोन ठेवायला तयार होईना. "आधी थोडं खा. मी थांबते," ती म्हणाली, आणि काकूंनी खरंच सुनेकडून दूधभात मागवून घेतला.

ते शिंगांचं हेल्मेट आता आमच्याकडे आहे, बुटांच्या कपाटावर. परवा मी आवरायला काढलं तर रेवा धावत आली. एक शिंग निसटलं होतं, ते तिने टेपने चिकटवलं आणि हेल्मेट जेवणाच्या टेबलावर, काका आमच्याकडे जेवायला आले की बसायचे त्या खुर्चीसमोर नेऊन ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "त्याचं पण पान वाढ."