शंभरातले तीन मोबाइल

आमच्या ऑफिसात त्याला सगळे पडदेवाला म्हणतात. नाव मीच ठेवलं. मी फटकळ बाई, माणूस आला की आठवड्यात त्याला नाव चिकटवते, आणि चिकटवलेलं नाव मग निघत नाही.

ऑफिस शवागाराच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली जे बेवारस येतात, ज्यांचं नावगाव कळत नाही, त्यांचे फोटो आम्ही वेबसाइटवर लावतो, म्हणजे घरच्यांनी बघून ओळखावं आणि घेऊन जावं. फोटो खालचा फोटोवाला काढतो. बाजूचा मजकूर मी लिहिते: वय अंदाजे, उंची, कपडे, खुणा. चौदा दिवस वाट बघायची. पंधराव्या दिवशी गावाबाहेरच्या सरकारी जागेत पुरतात आणि वर पत्र्याचा नंबर ठोकतात. फोटो मात्र वर्षभर पानावर राहतो, उशिरा का होईना, कोणी आलं तर म्हणून.

तो यायच्या आधी आमचं पान म्हणजे आनंदीआनंद होता. उघडलं की शेकडो मेलेले चेहरे एकदम बघणाऱ्याच्या अंगावर. तेही उघडलं तर! अर्ध्या लोकांचे मोबाइल नुसते गरगर फिरत बसायचे. ह्याने आल्या आल्या सगळं मोडून नव्याने लिहिलं. प्रत्येक चेहऱ्यावर धूसर पडदा. बोट लावलं तरच तो सरकणार. माणूस जसजसा खाली जाईल तसतसे पुढचे फोटो येणार, आधी नाही, म्हणजे गरिबाचा नेट उगाच जळायला नको. फोटोतलं रक्त पुसायचा, काळवंडलेली कातडी जरा उजळायचा. खुणांना मात्र हात लावायचा नाही.

"बाई गं," मी म्हटलं, "हा तर मेलेल्यांना पावडर लावतोय."

तो हसला नाही. "ताई, बघणारी कुणाची तरी आई असते," म्हणाला.

चाळिशीचा माणूस, लग्न नाही, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. आधी एका चपलांच्या कंपनीत होता. चपलांचे फोटो चकचकीत करायचे, बोट ठेवलं की मोठे व्हायला हवेत, असलं काम. मी त्याला विचारलंच, "चांगलं चाललेलं सोडून इथे कुठे मरायला आलास?" सहा महिन्यांनी, डबा खाता खाता, आपणहून सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. भांडण कशावरून, तर गच्चीच्या किल्लीवरून. कोणी हरवली, ह्यावर दोघे इरेला पेटले आणि हा म्हणाला, "पुन्हा ह्या घरात तोंड दाखवू नकोस." धाकट्याने आयुष्यात तेवढं एकच मोठ्याचं ऐकलं.

"म्हणून इथे आलो," तो म्हणाला. "इथे सगळे येतात. आलाच, तर आधी मला दिसेल."

घरी आई. रोज संध्याकाळी हा दारात बूट काढत असतानाच ती विचारायची, "आज?" आणि हा म्हणायचा, "सगळे बघितले. नाही त्यात." नाही म्हणजे जिवंत. तेवढ्या एका शब्दावर ती माउली रात्रीचं जेवायची. तिने स्वतः पान बघायचं नाही, असं ह्याने तिला बजावलं होतं. झोप उडेल म्हणून. मी बघतो ना, तू कशाला?

पहिली दोन वर्षं त्याने खरंच एकूण एक चेहरा बघितला. मी शेजारी बसायचे, मला दिसायचं. फोटो उघडायच्या आधी तो श्वास धरायचा आणि दुसराच कोणी निघाला की सोडायचा. असं दिवसातून पाच-सात वेळा. माणूस वाळत चालला. डबा तसाच परत जायचा. शेवटी मीच म्हटलं, "अरे, तू एवढा कोडवाला, हे यंत्राकडून करून घे ना. प्रत्येकाला तुझ्या डोळ्यांखालून कशाला जायला हवं?"

म्हटलं हो, मीच म्हटलं. त्याने लिहिलं. फोटोवाल्याने खाली फाइल टाकली की प्रोग्राम ती उचलणार, रक्त पुसणार, पडदा घालणार, ऑफिसचं नाव आडवं छापणार आणि माझ्या मजकुराशेजारी चढवणार. मधे माणूस नाही. महिनाभरात तो जेवायला लागला. एकदा तर शीळ घालताना मी ऐकलं. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

फक्त घरी काय सांगायचं, ते त्याने बदललं नाही. आई विचारायची, "आज?" आणि हा तेच, "सगळे बघितले. नाही त्यात." प्रोग्रामला भावाची खूण शोधायला त्याने का नाही सांगितलं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. मला वाटतं, त्याला उत्तरच नको होतं.

मग चोरीचं प्रकरण झालं. कुणा नीच माणसाने आमच्या पानावरून एका मुलीचा फोटो उचलला, खाली घाणेरडं काहीतरी लिहिलं आणि सगळीकडे फिरवला. तिचा बाप ऑफिसात येऊन जमिनीवर बसला. ओरडला नाही, नुसता बसला. पडदेवाला त्या दिवसापासून पेटला. उजवं बटण दाबून फोटो उतरवायची सोय बंद केली. फोटोचे पत्ते तासातासाला बदलायला लावले. तरी एक भोक राहिलं. नव्या साच्यातल्या, म्हणजे नव्या फॉरमॅटच्या, फायली लहान आणि बंदोबस्तातल्या, पण जुन्या मोबाइलना तो साचा उघडत नाही, म्हणून त्यांच्यासाठी जुन्या साच्यातली एकेक प्रत तशीच ठेवलेली असायची, आणि चोर तिथून उचलायचे.

"ह्या प्रती काढून टाकतो," तो म्हणाला.

"आणि जुने मोबाइलवाले?"

त्याने आकडा काढून दाखवला. "शंभरात तीन, ताई. तीन माणसांसाठी दार उघडं ठेवायचं? त्यांना राखाडी चेहरा दिसेल. खाली फोन नंबर आहे, करतील फोन."

हा राखाडी चेहरा म्हणजे नुसती आकृती, डोकं आणि खांदे. ज्यांचा चेहरा दाखवण्यासारखा उरलेला नसतो, त्यांच्यासाठी ती केलेली. फोटो उघडला नाही तर तिथे फाटक्या चित्राची खूण यायची, ती मलाच खुपत होती. "हे फाटकं काय दाखवतोस दुःखी माणसांना? काहीतरी बरं लाव," असं मीच कटकट करून सांगितलेलं. त्याने तीच आकृती तिथेही लावली. दोन्हीकडे एकच. आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही, की बघणाऱ्याला त्यातला फरक कसा कळणार.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, एका दुपारी, तो मुख्य कचेरीत गेलेला असताना एक बाई जिना चढून आल्या. सत्तरीच्या, धाप लागलेली, हातात रबर लावून धरलेला जुनाट मोबाइल. मी पाणी दिलं. म्हणाल्या, "मी त्याची आई. त्याला कळता कामा नये मी आले ते."

मी त्यांना खुर्ची ओढून दिली.

"मी रोज बघते तुमचं पान," त्या म्हणाल्या. "तो नको म्हणतो, पण तो कामावर गेला की बघते. आधी चेहरे दिसायचे. हल्ली सगळे असेच." त्यांनी मोबाइल पुढे केला. राखाडी डोकं, राखाडी खांदे. खाली अजून एक. खाली अजून एक. "मला एवढंच सांगा ताई, हल्ली सगळ्यांचेच चेहरे इतके खराब कसे होतात?"

काय सांगू मी? नवा मोबाइल का नाही घेतलात, असं काहीतरी मूर्खासारखं विचारलं. तर म्हणाल्या, "हा धाकट्याने दिलेला. मोठा दर वर्षी नवा आणतो म्हणतो. मीच नको म्हणते."

मग त्यांनी एका नोंदीवर बोट ठेवलं. चेहरा राखाडी, पण मजकूर दिसत होता. माझाच मजकूर. पुरुष, वय अंदाजे पस्तीस, डाव्या भुवईतून आडवा जुना व्रण, उजव्या पायाची करंगळी वाकडी.

"करंगळीवरून मी उठून बसले," त्या म्हणाल्या. "त्या संध्याकाळी मोठ्याला तीन वेळा विचारलं. भुवईवर खूण असलेला कोणी आला का रे, नीट बघितलंस का? तिन्ही वेळा म्हणाला, आई, सगळे बघितले, नाही त्यात. तो डोळ्यांत तेल घालून बघतो, मला माहीत आहे. त्याने बघितलंय म्हणजे नसेलच. पण मला झोप येईना. एकदा तुम्ही दाखवा."

मी माझ्या कॉम्प्युटरवर नोंद उघडली. तारीख बघितली. नोंदीला सतरा दिवस झाले होते.

पडदा मी सरकवला नाही. त्यांनीच माझ्या हातातून माऊस घेतला आणि सरकवला.

त्या ओरडल्या नाहीत. स्क्रीनवर, त्या आडव्या छापलेल्या ऑफिसच्या नावावर, त्यांनी अंगठा फिरवला, जणू ते पुसलं जाईल. "केस कमी झाले रे तुझे," एवढंच म्हणाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी येता-जाता वापरायचे. त्या दिवसानंतर माझ्या तोंडून ती निघालेली नाही.

मी रजा टाकली आणि त्यांना घेऊन सरकारी जागेत गेले. नंबर सापडला. त्या मातीवर बसल्या, पत्रा वाकडा होता तो सरळ केला. मी म्हटलं, "आई, नाव लावायला हवं. मी कागद करते. त्यालाही सांगावं लागेल."

"नाही." असा आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. "त्याने बघितलंच नव्हतं, हो ना?"

मी गप्प. पण गप्प बसणं म्हणजे सांगणंच झालं.

"मग त्याला कळलं तर तो जगायचा नाही. भांडला तोही हाच, आणि डोळे मिटले तेही ह्यानेच. एक मातीखाली गेला. दुसऱ्याला मी माझ्या हाताने ढकलू? तुम्हाला शपथ आहे. नाव लावायचं नाही."

नाव लावलं असतं तर ते आधी त्याच्याच स्क्रीनवर गेलं असतं. म्हणून मी लावलं नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी माहीत असलेलं नाव लिहिलं नाही. चूक की बरोबर, ते मला विचारू नका, मला माहीत नाही. त्यांना घरी सोडलं आणि ऑफिसच्या जिन्यात बसून मी पोटभर रडले.

दुसऱ्या दिवशी मी पडदेवाल्याशी कडाक्याचं भांडले. जुन्या प्रती परत लाव. तो म्हणाला, चोर येतील. मी म्हटलं, येऊ देत मेले! शंभरातली ती तीन माणसं कोण आहेत, माहीत आहे तुला? तो दचकून म्हणाला, "कोण?" माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "म्हातारी माणसं, अजून कोण." त्याला ते पटलं. अकरा ओळींचं काम निघालं, त्याने चहा थंड व्हायच्या आत संपवलं.

ह्या गोष्टीला आता वर्ष होत आलं. संध्याकाळी ती अजून विचारते, "आज?" आणि हा अजून म्हणतो, "सगळे बघितले. नाही त्यात." आणि ती मान डोलावते आणि पानं वाढते. हे तो मला मोठ्या कौतुकाने सांगतो, की आई हल्ली किती शांत झाली आहे. मी डब्यात बघत बसते.

परवा तो एकदम खुर्ची फिरवून म्हणाला, "ताई, तुझं ऐकलं ते बरं झालं. हे बघ." त्याच्या स्क्रीनवर यादी होती, कोणती नोंद किती वेळा उघडली त्याची. नुसते नंबर, चेहरे नाहीत. "ही एक नोंद. रोज सकाळी, दहाच्या सुमाराला, एका जुन्या मोबाइलवरून कोणीतरी उघडतं. एक दिवस चुकलेला नाही. तुझ्या त्या तिघांपैकी कोणीतरी."

सकाळी दहाला तो घरून निघालेला असतो.

"ओळखतंय, तर पुढे का येत नाही?" तो म्हणाला. "असेल कुणाची तरी आई."

"असेल," मी म्हटलं. "तू... उघडून बघ हवं तर."

क्षणभर त्याचा हात माऊसवर थांबला. जुनी सवय, त्याने श्वास धरलेला मला ऐकू आला. मग त्याने हात काढून घेतला.

"नको," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात हिचं वर्ष भरतं, प्रोग्राम फोटो पुसून टाकेल. कोणी एवढं रोज बघतंय, त्याच्याकडून तो का काढून घ्यायचा? ह्या एकाला मुदत नको."

त्याने कोडमध्ये एक ओळ वाढवली, त्यात तो नंबर घातला, दोनदा तपासला आणि डबा उघडून जेवायला बसला.