भाडेकरूसह विकणे आहे

गल्लीत त्याला सगळे पैलवान म्हणत. उभ्या जन्मात त्याने कुणाशी कुस्ती केली नव्हती. केली ती लोकांच्या कपाटांशी. शहराच्या त्या जुन्या भागातले जिने इतके अरुंद, की लठ्ठ माणसाने दोनदा विचार करून चढावं. त्यामुळे घर विकलं गेलं की जुन्या माणसाचं सामान खिडकीतून दोरखंडाने खाली सोडायचं आणि नव्या माणसाचं तसंच वर ओढायचं. चाळीस वर्षं पैलवानाने हेच केलं. कुणाचं घर कुणी घेतलं हे सरकारी कचेरीच्या आधी त्याच्या खांद्यांना कळायचं. सुरुवातीला शेजारच्या गल्लीतले लोक घ्यायचे, मग बाहेरगावचे, मग ज्यांची भाषाही कळत नाही असे. शेवटी शेवटी तर सगळं सामान उतरतच होतं. वर चढायचे ते एकसारखे पांढरे पलंग, कारण घराचं गेस्ट हाऊस झालेलं असायचं. तेव्हा त्याने काम सोडलं. खरं म्हणजे कंबरेने सोडायला लावलं, पण तो ‘मी सोडलं’ असंच सांगायचा.

तो स्वतः दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याखाली कोंबलेलं न्हाणीघर. त्यात उभं राहायचं तर मान वाकवूनच. घरमालकीण जुन्या वळणाची होती. तिच्या नवऱ्याची लोखंडी तिजोरी पैलवानाने भिंतीला एक ओरखडा न पाडता खाली उतरवली, त्यावर खूश होऊन तिने करार लिहून दिला, की हा माणूस हयात असेपर्यंत त्याला कुणी उठवायचं नाही. घर कितीही वेळा विकलं गेलं तरी नाही. पैलवान तेव्हा नुकताच विधुर झाला होता. सात वर्षांची मुलगी वकिलाच्या टेबलाखाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडवत होती.

“तुमचं एकट्याचं नाव घालू, की मुलीचंही?” वकिलाने विचारलं होतं.

“तिचं कशाला? ती लग्न करून जाईल.”

सगळे हसले आणि कागदावर एकच नाव पडलं. त्या चार शब्दांनी पुढे त्याची झोप किती वेळा उडवली, ते त्याचं त्यालाच ठाऊक. कारण मुलगी लग्न करून गेली खरी, पण चार वर्षांत एक ट्रंक घेऊन परत आली. का, ते त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती. गल्लीतल्या गेस्ट हाऊसच्या चादरी ज्या लाँड्रीत जातात, तिथे दिवसभर इस्त्री करायची. ज्या घरांत लहानपणी मैत्रिणींबरोबर खेळली, त्याच घरांच्या चादरींना.

मालकीण गेली. घर परदेशातल्या भाच्याकडे आलं आणि त्याने ते लगेच विकायला काढलं. दलालाने खालच्या दारावर पाटी ठोकली: ‘भाडेकरूसह विकणे आहे.’

“म्हणजे मीही विकायलाच की काय?” पैलवानाने विचारलं.

“तसं नाही हो काका,” दलाल ओशाळला. “तुम्ही आत आहात, एवढंच गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं.”

त्या पाटीमागचं गणित साधं आणि निर्दयी होतं. घर घेणाऱ्याला ताबा मिळणार तो पैलवान मेल्यावर. म्हातारा जितका खंगलेला दिसेल तितकी किंमत चढी. जितका ठणठणीत तितकी ती खाली. आणि तो गेला की मुलीला तीन महिन्यांत गाशा गुंडाळावा लागणार, कारण तिचं नाव कशातच नव्हतं. दलालाशी तिची ओळख होती. तो तिला एकदा म्हणाला, “भाचा कंटाळलाय. किंमत निम्म्यावर आली ना, तर तूच का घेत नाहीस?” मुलगी त्या दिवशी धावतच जिना चढली. साठवलेले पैसे आणि वर बँकेचं कर्ज, निम्म्यात जमत होतं! किंमत पडायला हवी होती, बस. आणि ती पाडणं पैलवानाच्या हातात होतं.

तर हा पैलवान अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कामाला लागला. मिशा काळ्या केल्या. मुलीने लाँड्रीतल्या जुन्या उशा आणल्या आणि दोघांनी त्या एका बटाट्याच्या पोत्यात ठासून भरल्या. वर दिसायला सात-आठ खरे बटाटे. पोतं शिवताना दोघं इतकी हसली, की खालच्या मजल्यावरच्या बाईने काठीने छत ठोकलं. गिऱ्हाईक येण्याआधी दलालाचा फोन यायचा. मग पैलवान खाली जाऊन दबा धरून बसायचा आणि मंडळी जिन्यात असतानाच मागून पोतं खांद्यावर टाकून शीळ घालत चढायचा. “जरा वाट द्या! तरुण माणसांनी असं रेंगाळू नये!”

एका व्यापाऱ्याने तर बैल पारखावा तसं त्याला विचारलं, “वडील किती वर्षांचे होऊन गेले?”

“शंभराला दोन कमी होते. तेही झाडावरून पडले म्हणून.”

त्याचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी खाटेवर गेले होते आणि झाडावर कधी चढलेच नव्हते. व्यापारी चहाही न घेता उतरला. किंमत पहिल्यांदा पडली ती त्याच आठवड्यात.

सगळं असंच चाललं असतं तर ही गंमतच होती. पण दुसऱ्या महिन्यात पैलवानाला जिन्यातच घेरी आली. मुलगी कामावर होती. तो गुपचूप दवाखान्यात जाऊन आला.

“हृदय थकलंय तुमचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जिने बंद. ओझं उचलायचं नाव काढू नका. सांभाळलंत तर वर्षभर निघेल.”

“आणि नाही सांभाळलं तर?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “घरी कोण असतं? पुढच्या वेळी त्यांना घेऊन या.”

पुढची वेळ त्याने येऊच दिली नाही. मुलीला सांगितलं असतं तर तिने पोतं त्याच दिवशी उसवलं असतं. शिवाय त्या गल्लीत कुणी शिंकलं तरी दुसऱ्या टोकाचा माणूस औषध सुचवतो. दलालाच्या कानावर गेलं असतं आणि किंमत दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली असती. एक वर्ष म्हणजे घाई करायला हवी, एवढाच अर्थ त्याने काढला. माणूस हट्टी होता, आणि घाबरलेलाही. गिऱ्हाईक गेलं की तो न्हाणीघरात जाऊन उपड्या बादलीवर बसायचा आणि नळ सोडून ठेवायचा. धाप बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

सात महिन्यांत अकरा गिऱ्हाइकं आली आणि गेली. किंमत आणखी दोनदा पडली. “काका, तुमच्या तब्येतीने माझं दिवाळं काढलं,” दलाल म्हणाला, पण हसत म्हणाला. “भाचा टेकीला आलाय. या पंधरवड्यात कुणी नाही आलं तर ताईंना देऊन टाकू म्हणतोय.” मुलीने बँकेचे कागद भरून आरशामागे खोचून ठेवले. येताजाता ती आरशाकडे बघायची, पण स्वतःला नाही.

पंधरवडा संपायला दोन दिवस राहिले असताना पिकल्या केसांचं एक जोडपं आलं. लांबून आलेलं, सालस, पायऱ्यांवरच्या झिजलेल्या दगडाला हात लावून बघणारं. पैलवान पोतं घेऊन मागून चढला. त्या दिवशी शीळ फुटेना. तोंडाने नुसती हवा निघाली. पण पोतं वर पोचलं.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. “अहो, किती छान! आम्हाला असंच कुणीतरी हवं होतं.”

पैलवान पोत्यासकट तसाच उभा राहिला.

“रिकामं घर फार लवकर खराब होतं,” तिचा नवरा समजावून सांगू लागला. “आम्हाला राहायला नकोच आहे. नातीसाठी घेतोय, ती दोन वर्षांची आहे. तिला लागेल तेव्हा लागेल. तोवर घरात माणसांची जाग हवी. आणि या किमतीत असं घर आम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार?”

“तुम्ही अगदी निवांत राहा,” बाई त्याचा हात हातात घेऊन म्हणाल्या. “वीस वर्षं राहा!”

त्यांच्या बोलण्यात लबाडीचा लवलेशही नव्हता, त्यामुळे रागवायचीही सोय उरली नाही. पडलेली किंमत त्यांनी तिथेच, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मान्य केली. दलालाने दाराशी उभ्या मुलीकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. ज्या किमतीसाठी पैलवानाने सात महिने छाती फोडून घेतली, ती ज्यांना थांबायला वेळच वेळ आहे अशांच्या पदरात पडली. त्याने ती स्वतःच्या हातांनी पाडली होती.

मुलगी दोन दिवस अंधारातच कामावर गेली आणि अंधार पडल्यावरच परतली. तिसऱ्या दिवशी दुपारीच घरी आली ती गवंड्याला घेऊन.

“मी लाँड्रीत रडून घेतलं, बाबा,” ती म्हणाली. “मग म्हटलं, घर नावावर नाही झालं तर नाही. उठवणार तर कुणी नाही ना? वीस वर्षं म्हणजे मी सदुसष्टची होईन. पुढचं पुढे. त्या पैशांत आता न्हाणीघर करून घेऊ. चाळीस वर्षं मान वाकवून आंघोळ करताय.”

“सगळे पैसे?”

“ठेवायचे कशासाठी आता?”

कशासाठी ते त्याला ठाऊक होतं. वर्षाच्या आत तिला कुठेतरी खोली शोधावी लागणार होती आणि तेव्हा हेच पैसे कामी येणार होते. पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. डॉक्टरीणबाई, बादली, सोडलेला नळ. आणि हेही, की बापाने ठणठणीतपणाचं नाटक करून तिचं घर स्वस्तात दुसऱ्याला मिळवून दिलं. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. छातीत दुखत होतं ते आजाराने की लाजेने, त्याला सांगता आलं नसतं.

गवंडी माप घेत होता. मुलगी दोन हातांत दोन फरश्या, एक निळी, एक पांढरी, धरून त्या उजेडात बघत होती.

“अगं, ऐक जरा,” पैलवान म्हणाला.

ती वळली. ट्रंक घेऊन परत आल्यापासून तिचा चेहरा इतका मोकळा त्याने पाहिला नव्हता.

“काय, बाबा?”

त्याने फरशीकडे बोट दाखवलं. “निळी नको,” तो म्हणाला. “पांढरी घे.”

“छे, निळीच घेऊ,” ती म्हणाली. “पांढरी लवकर खराब होते. वीस वर्षं टिकायला हवी.”