झोपलेली फौज

बस आमच्या वर्कशॉपच्या फाटकाशी आली की ड्रायव्हर चाचा हँडब्रेक दोन्ही हातांनी, अगदी सावकाश ओढायचे. करकर आवाज होऊ नये म्हणून. मग वरच्या आरशात एकदा मागं बघायचे आणि खिडकीतून हात बाहेर काढून पाची बोटं पसरायचे. फाटकावरचा हजेरीवाला मनगटावरचं घड्याळ ठोकून दाखवायचा. चाचांची बोटं तशीच.

"पाच मिनट बाकी है, हबीबी. सोने दे."

ही पाच मिनिटं फुकटची नव्हती. त्यासाठी चाचा कामगारांच्या कॅम्पवरून रोज पाच मिनिटं आधी निघायचे. मी एकदा म्हटलं, "चाचा, मग लोकांना तिकडेच पाच मिनिटं जास्त झोपू द्या की." तर म्हणाले, "कॅम्पवर बारा जणांची खोली, नि एक संडास. तिथं कोण झोपू देतो गो? नि हलत्या गाडीतली झोप म्हणजे नुसती मान मोडते. उभ्या गाडीत झोप लागते."

तुम्हीही अशा बस पाहिल्या असतील. सकाळी दुबईत अल क्वोजच्या रस्त्यांवर त्यांची रांग असते आणि प्रत्येक खिडकीला एकेक कपाळ टेकलेलं असतं. आपण पाहतो आणि सिग्नल सुटला की विसरतो. चाचा सव्वीस वर्षं तेच आरशात पाहत होते. ते विसरले नाहीत, एवढाच काय तो फरक.

ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. आम्ही दुकानांच्या पाट्या बनवायचो. आठवड्यातून एकदा चाचा आत येऊन माझ्या टेबलाशी उभे राहायचे. "काय गो पोरी, हिरवा तुकडा हाय काय?" कटिंगमधून उरलेला फोम त्यांना हवा असायचा. हिरवा, मातकट, कधी काळा. मला वाटलं, नातवंडांसाठी खेळणी करत असतील. विचारलं, तर त्यांनी शर्टाच्या खिशातून औषधाची डबी काढली. आत कापसावर बोटाच्या पेराएवढा एक माणूस कुशीवर झोपला होता. अंगाभोवती चौकड्यांचं कापड, हात गुडघ्यांमध्ये दाबलेले.

"स्कॉटलंडचा हाय," चाचा म्हणाले. "बंडवाला."

त्याचं असं झालं होतं. पार्कात जुन्या सामानाचा बाजार भरतो, तिथं एक गोरी म्हातारी मायदेशी परत जाण्याआधी नवऱ्याचं सामान विकत होती. त्यातले धावणारे, तलवार उगारलेले धातूचे छोटे सैनिक केव्हाच विकले गेले होते. खोकाभर आडवे तेवढे राहिले होते. चाचांनी एकेक उचलून पाहिला आणि म्हणाले, हे किती छान झोपलेत! म्हातारी हसली. ते झोपलेले नव्हते. लढाईत पडलेले होते. मेलेले कुणी घेत नाही म्हणून तिनं अख्खा खोका दहा दिरहमला दिला. "तेव्हाचे पावणेदोनशे रुपये," चाचा अजून अभिमानानं सांगायचे.

ती मेलेले म्हणाली, ते चाचांनी ऐकून घेतलं, पण मान्य केलं नाही. खोलीवर येऊन त्यांनी थिनरच्या बोळ्यानं एकेकाच्या छातीवरचं लाल पुसून काढलं. हातातली मोडकी तलवार कानशीनं घासून काढली आणि तो हात उशाखाली घेतला. फोममधून गवताचे उंचवटे केले. पुढं ठिकठिकाणाहून असेच 'पडलेले' मागवून त्यांनी एकशे चाळीस केले. आमच्याकडच्या टाकाऊ अॅक्रिलिकचा एक मोठा ट्रे, खाली चाकं, तो पलंगाखाली सरकायचा. खोलीतले बाकीचे म्हणायचे, "चाचा, तुमच्या कॅम्पमधे भाडं किती?"

रंगवताना ते आरशात पाहिलेलं आठवायचे. "हा उजव्या कुशीवर. प्लास्टरवाला हाय, मालाची पाटी धरून डावा खांदा दुखतो त्याचा. हा वेल्डर, तोंड उघडं. हा नवीन आलाय, म्हणून बूट घालूनच." झोपेतसुद्धा माणसाचा धंदा दिसतो, हे मला त्या ट्रेनं शिकवलं.

माझं घर पत्रकांचं. वडील कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे आणि आम्ही भावंडं जेवणाच्या पाटावर बसून त्यांच्या घड्या घालायचो. वाचायला मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे बंड म्हटलं की मला वळलेल्या मुठी दिसायच्या. चाचांचे बंडवाले घोरत होते, हे मला सहन होईना. पावणेतीनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांनी इंग्रजांच्या राजाविरुद्ध केलेल्या त्या बंडाबद्दल मी वाचायला लागले ते चाचांना खोडून काढायलाच. आणि झालं भलतंच. शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्री ही माणसं शत्रूच्या छावणीवर छापा घालायला अंधारातून चालत निघाली, वाटेत उशीर झाला, तशीच परतली आणि पहाटे मिळेल त्या जागी कोसळून झोपली. दिवसभरात पोटात काय, तर माणशी एक बिस्कीट.

"एकच?" चाचांनी विचारलं.

"एकच."

"चहा?"

"नाही हो चाचा."

मग म्हणाले, "नि समोरचे?"

समोरच्या छावणीत सेनापतीचा वाढदिवस होता, सगळ्यांना जादा खाणं-पिणं होतं, हे मी सांगितल्यावर चाचांनी फक्त मान हलवली. आपली शंका खरी ठरल्यासारखी. पुढच्या आठवड्यात ट्रेमध्ये एक बदल होता. दोघंतिघं झोपेतही बिस्कीट असल्यासारखी मूठ तोंडाशी धरून होते.

त्या हिवाळ्यात चाचांना कंपनीनं सांगितलं की व्हिसा आता वाढणार नाही, महिनाअखेर खलास. त्यांनी तक्रार केली नाही. एकच गोष्ट मागितली, तीही माझ्याकडे. "जायच्या आधी एकदा हे सगळं मांडायचं हाय. बसमधल्यांना बघू दे. त्यांचंच हाय ते."

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका हॉलमध्ये अशा छोट्या सैनिकांचे हौशी लोक वर्षातून एकदा प्रदर्शन भरवतात. मी टेबल मिळवलं. त्यांचे प्रमुख एक निवृत्त इंग्रज साहेब, अतिशय सभ्य. फोटो पाहून म्हणाले, काम सुरेख आहे, बक्षीस मिळण्यासारखं. पण ही लढाई नाही. स्पर्धेचा विषय लढाई आहे.

इथं माझं चुकलं. चाचांना न विचारता मी हो म्हणून बसले. एका सभासदाकडून समोरच्या फौजेचे वीस लाल डगलेवाले आणि दोन तोफा उसन्या आणल्या. रविवारी सकाळी चाचा पोचायच्या आत त्या टेबलाच्या कडेला मांडल्या, तोंडं झोपलेल्यांकडे. मागं पाटी लावली, आमच्याच वर्कशॉपमध्ये कापलेली, लाल अक्षरांची: यांनी मान झुकवली नाही. मला ते फार भारी वाटलं.

चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबलाभोवती एक चक्कर मारली. तोफेवर बोट ठेवलं.

"ह्या कशाला?"

"चाचा, पुढं हेच झालं ना. झोपेतच तोफा सुरू झाल्या."

"पुढं. आत्ता नाय."

"पण लोकांना कळायला नको? नुसती झोपलेली माणसं दाखवायची? मालकांना तर तेच हवंय, सगळे झोपलेले!"

चाचा माझ्याकडे बघायला लागले. रागानं नाही. एखाद्या शिकलेल्या मुलीला रस्ता ओलांडता येत नाही असं दिसल्यावर माणूस बघेल तसं.

"मालकाला झोपलेला माणूस आवडतो, हे तुला कोणी सांगितलं गो पोरी?"

मी घड्या घातलेल्या एकाही पत्रकात हे लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी तोफा एकेक करून तळहातावर घेतल्या आणि ज्याच्या होत्या त्याला "शुक्रिया" म्हणून परत केल्या. लाल डगलेवाले मी उचलले. पाटीही मीच काढली. साहेबांनी खांदे उडवले. म्हणाले, मग स्पर्धेत घेता येणार नाही, आणि हॉलमधलं टेबलही सोडावं लागेल. बाहेर कॉफीच्या मशीनजवळ जागा आहे. "नो प्रॉब्लेम, सर," चाचा म्हणाले आणि आम्ही दोघांनी एकशे चाळीस माणसं न हलवता, पावला-पावलानं, कॉरिडॉरमध्ये नेली.

दुपारी चाचांची बस आली, त्या दिवशी दुसरं कुणी चालवत होतं. सुट्टीचा दिवस, तीस-पस्तीस माणसं, केसांना तेल, कुणी सेंट मारलेलं. एक जण घरी व्हिडिओ कॉलवर दुबई दाखवत होता. दारातून सगळा कल्लोळ आत शिरला. सगळ्यांत पुढं प्लास्टरवाला. तो टेबलाशी आला आणि थांबला. मागं वळून कॉलवाल्याला म्हणाला, "आवाज कम कर."

त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. टेबलावर पाटीसुद्धा नव्हती. पण पाहता पाहता सगळा कॉरिडॉर कुजबुजायला लागला. माणसं वाकून शोधत होती.

"ये देख, अपना वेल्डर. मुँह खुला."

"और ये तू है. जूते में."

"चुप, चुप." हसू तोंडावर हात दाबून. चाचा भिंतीशी उभे, हात मागं बांधलेले, शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या बापासारखे. साहेब कॉफी घ्यायला बाहेर आले, रिकामा कप हातात धरून बराच वेळ उभे राहिले, आणि मला म्हणाले की बंड असं मांडलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तेही कुजबुजतच.

निघताना मी विचारलं, हे सगळं गावी कसं नेणार? चाचा म्हणाले, "नेऊन काय करू? नातवंडं उद्याच लढाई लावतील." परतीच्या बसमध्ये त्यांनी ट्रे पहिल्या सीटवर ठेवला. उतरताना ज्यानं त्यानं आपापला माणूस उचलला, आणि गावी गेलेल्यांचे, दुसऱ्या पाळीतल्यांचे मित्रांनी उचलले. चाचा त्याच आठवड्यात गावी परत गेले. फुजैराला कामाला असलेल्या त्यांच्या भाच्यानं एकदा गावी फोन लावून दिला, तेव्हा म्हणाले, "दुपारचा झोपतो आता. सवय नाय, पण झोपतो."

आता दुसरा ड्रायव्हर आहे. वाईट नाही बिचारा. पण त्याची बस बरोबर वेळेवर येते, एक मिनिट आधी नाही. मला आजही वाटतं की पाच मिनिटं झोपायला मिळावं म्हणून माणसाला ड्रायव्हर दयाळू मिळावा लागू नये. तो हक्क असायला हवा, आणि तो कागदावर लिहिलेला हवा. मी तो लिहीत राहणार आहे.

मागच्या महिन्यात एका पाटीचं माप बघायला मी खाली वर्कशॉपमध्ये गेले. वेल्डिंगच्या टेबलामागं, ठिणग्या पोचत नाहीत अशा कोनाड्यात, तोंड उघडं टाकून तो पेराएवढा माणूस झोपला होता. वरून एसीची थंड हवा थेट येत होती. कुणीतरी हात पुसायच्या फडक्याचा स्वच्छ तुकडा कापून त्याच्या अंगावर, गळ्यापर्यंत, घातला होता.