काकांच्या रायफलचा नवा दस्ता

शिकाऱ्याची रायफल म्हणजे त्याचा तिसरा हात, असं माझे काका गंभीरपणे सांगतात. स्वतः त्यांनी कधी ससाही मारलेला नाही. शिकार आजोबा करायचे. पुढे बंदी आली आणि रायफल परवान्यासह काकांकडे आली. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती कपाटातून निघते आणि पूजेच्या पाटावर जाते.

खांद्याच्या ऑपरेशननंतर काकांना ती पेलेना. काकूने माझ्याकडे बोट दाखवलं. "अहो, यंदा याला ठेवू द्या. समोर वाघ थोडाच उभा आहे?"

"माझे हात शाबूत असताना?" काका म्हणाले.

जुना अक्रोडाचा दस्ता फार जड होता. पावसाळाभर नाशिकच्या घरातल्या गॅलरीत बसून काकांनी शिवणीच्या हलक्या लाकडाचा नवा दस्ता तासला, घासला, तळव्याने पुन्हापुन्हा चाचपला. देवळाली कॅम्पातल्या बंदूक दुरुस्तीवाल्याने तो बसवला, तेव्हा लाकूड आणि लोखंडाच्या मध्ये नखसुद्धा शिरत नव्हतं. इतकं देखणं काम आमच्या घरात दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

खंडेनवमीला काकांनी रायफल एकट्याने उचलली, पाटावर ठेवली, झेंडू वाहिला आणि खाली बसून नमस्कार केला. मग त्यांना उठवायला काकू आणि मी, असे दोघं लागलो.