हरभऱ्यातली हरणं आणि आमची तीन धनुष्यं

फोन म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, असा आमच्या शेवंतामामीचा पक्का समज आहे, त्यामुळे ती स्वतःहून कधीच फोन करत नाही. २००८ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा माझ्या हातातलं लाटणं खालीच पडलं. कुणी गेलं नव्हतं. पण जाईल, असं मामीचं म्हणणं होतं. “तुजा मामा तार घेऊन आलाय,” ती म्हणाली. “शेताला लावून करंट सोडतो म्हनून राहिला. हरनांसाठी. त्या तारेला हरीन काय, शेळी काय, लेकरू काय, कळतंय का माय? तू ये.”

माझा बापूमामा हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरचा. थोडी शेती, थोडी मेंढरं-शेळ्या, आणि डोकं असं की एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी हलायचं नाही. हरभरा घाट्यावर, म्हणजे शेंगांवर आला की हरणांचा कळप पहाटे-संध्याकाळी शेतात उतरायचा आणि मामाच्या आधी कापणी करून जायचा. त्या वर्षी त्याचा संयम सुटला होता. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून वीज घेऊन बांधावर उघडी तार फिरवायची, असं त्यानं ठरवलं होतं. शेजारच्या शिवारात अशाच तारेनं एकाचा बैल गेला होता, आणि सोडवायला धावलेला मालक थोडक्यात वाचला होता.

मी डोक्याला हात लावून बसले, आणि आमचे नितीनराव मात्र आतल्या खोलीतून उड्या मारत आले. माझा नवरा तेव्हा दोन वर्षांपासून पुण्यात एका क्लबात तिरंदाजी शिकत होता. रात्र रात्र इंटरनेटवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांची भांडणं वाचायचा: हरणाच्या शिकारीला क्रॉसबो बरा, कंपाउंड धनुष्य बरं की जुनं साधं? घरात पाल निघाली तर मला हाक मारणारा हा माणूस! “आपण धनुष्यांनी हाकलू हरणं,” तो म्हणाला. “तुलनाही होऊन जाईल.”

शोधत शोधत इथवर आलेल्या वाचकांना आधीच सांगते. आपल्याकडे हरीण मारणं गुन्हा आहे, आणि असलाच पाहिजे. मी नवऱ्याला बजावलं की तीर कळपाच्या पुष्कळ अलीकडे, रिकाम्या जमिनीवर पडायला हवा, टोकाला चिंध्यांचा गोळा हवा, आणि हरणाच्या केसाला जरी धक्का लागला तर वनखात्याकडे तक्रार करायला मीच जाईन. त्यानं मान डोलावली. त्याला काय, धनुष्य न्यायला मिळत होतं.

पुण्याहून रात्रीची नांदेडची गाडी पकडायची आणि सकाळी परभणीला उतरायचं, हा सोयीचा मार्ग. तिथून औंढ्याची एसटी मिळते. रस्ता तेव्हा मधे मधे उखडलेला होता, मागच्या सीटवर बसाल तर हाडं मोजता येतील. कंडक्टरला नितीनच्या लांबड्या पेटीत सतार असल्याचा संशय आला. धनुष्य आहे म्हटल्यावर त्यानं सामानाचं तिकीट तर फाडलंच, वर रामलीलेत कुठलं काम करता म्हणून विचारलं. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घ्या, घाई करू नका. बाहेरच्या भिंतींवरचे हत्तीच बघायला तासभर हवा. पुढे शिरडला काळीपिवळी जीप जाते. माणशी दहा-पंधरा रुपये, पण भरल्याशिवाय हलत नाही आणि ड्रायव्हरच्या मते ती कधीच भरलेली नसते.

मामा अंगणात बाजेवर बसला होता. जावई आले म्हणून उठला, पण चेहरा उतरलेलाच. चहा होईपर्यंत त्यानं आम्हाला गोठ्यात नेऊन तारेचं भेंडोळं दाखवलं. नवं, चकचकीत, खुंटीला लटकवलेलं.  मी समजावलं, चिडले, रडवेलीही झाले. मामा शांतपणे म्हणाला की पुण्यात बसून हरणं गोड वाटतात. खोटं नव्हतं ते. शेवटी नितीननं धनुष्यांचं काढलं आणि मामाच्या मिशीत पहिल्यांदा हसू फुटलं.

“संक्रांतीपर्यंत तुमी काय करायचं ते करा जावई,” तो म्हणाला. “दुसऱ्या दिवशी, करीला, मी तार लावनार.”

मामी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही, फक्त भाकरी जरा जोरात थापली.

संध्याकाळी आम्ही प्रकाशच्या दुकानात गेलो. प्रकाश हा माझा मामेभाऊ, औंढा रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. नितीननं फोनवर क्रॉसबोचं वर्णन काय केलं, यानं दोन दिवसांत बनवून ठेवला होता! जुन्या जीपच्या स्प्रिंगचा एक पाटा, त्याला क्लचची वायर, खाली सागाचा दांडा आणि बंदुकीला असतो तसा घोडा. उचलतानाच माझा खांदा उतरला. आणि तिसरं धनुष्य? ते मामानं स्वतः आढ्यावरून काढलं. त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा बांबूचा तिरकमठा, अंबाडीच्या दोरीचा. कायदा नव्हता त्या काळात आजोबा त्यानं शिकार करायचे. मामा पोरगं असताना त्यांच्या मागे मागे जायचा.

कडब्याची पेंढी उभी करून परीक्षा सुरू झाली. कंपाउंडच्या दोन्ही टोकांना कप्प्या असतात. ओढताना जोर लागतो, पण दोरी पूर्ण मागे आली की ओझं एकदम हलकं होतं आणि निवांत नेम धरता येतो. मामानं ओढून बघितलं आणि म्हणाला, हा तर विहिरीवरचा रहाट हाय. नितीनचे तीर पेंढीत ओळीनं बसले. क्रॉसबो शिकायला सगळ्यात सोपा. एकदा ताणून अडकवला की बंदुकीसारखा रोखायचा, माझाही पहिलाच तीर लागला. पण दुसरा तीर चढवायला प्रकाशला त्याच्यावर पाय देऊन उभं राहावं लागलं. मामाचा तिरकमठा वजनाला पिसासारखा, एकामागून एक तीर सोडावेत असा, मात्र त्याचा नेम सगळा माणसाच्या अंगात. मामाच्या अंगातला गेला होता. पहिला तीर पेंढी सोडून प्रकाशच्या मोटरसायकलवर बसला. मग मामा हट्टालाच पेटला. अंधार पडेपर्यंत हलला नाही.

हरणाच्या शिकारीला कुठलं बरं, हे नितीननं विचारलंच. मामा म्हणाला की धनुष्य कुठलंही असो, हरणाकडून आपल्याकडं वारा येत असेल तरच उपयोग. उलटा फिरला की संपलं. आजोबा तासन् तास बोरीच्या झुडपामागं बसायचे आणि बऱ्याचदा नुसती बोरं खाऊन परत यायचे.

निघताना मामीचा निरोप आला म्हणून प्रकाशनं मला एक पक्कड दिली. तिच्या जोडव्याचं तोंड उघडलं होतं म्हणे.

दुसरा दिवस भोगीचा. उजाडताच आम्ही बांधाआड बसलो. थंडी अशी की दातांचा आवाज हरणांना जाईल. आणि ती आली! काळवीट पुढं, वळणदार शिंगांचा, मागं माद्या. मी ह्याला-त्याला वनखात्याची भीती घालणारी, पण ते बघताना मी सगळंच विसरले. मग त्यांनी मामाच्या हरभऱ्यात तोंड घातलं आणि शेजारी मामाचा श्वास जड झाला.

नितीननं कंपाउंड ओढलं, सोडलं. तीर हवा तिथं, कळपाच्या खूप अलीकडे जमिनीवर जाऊन पडला. आवाज म्हणाल तर पोळी उलटल्याइतका. हरणांनी ढुंकून बघितलं नाही. दुसरा तीर, तिसरा तीर. थोड्या वेळानं एक मादी चरत चरत तिथवर आली, तिनं तीर हुंगला, जवळचा घाटा खाल्ला आणि पुढे गेली. मामाला हसू आवरेना. तोंडात उपरणं कोंबून तो बांधाला टेकून थरथरत होता. मुकाट सुटणारं धनुष्य म्हणून अमेरिकेत ज्याचं एवढं कौतुक, ते इथं कुचकामी.

मग मामानं तिरकमठा उचलला. पहिला तीर सूं करत गेला, माद्यांनी माना वर केल्या. दुसऱ्याला त्यानं जोर लावला आणि अंबाडीची दोरी काडकन तुटून त्याच्याच मनगटावर बसली. त्याच्या शिवीनं मात्र सगळा कळप पळाला. शिवी लिहिण्यासारखी नाही.

दिवसभर मामा शेतात बसून नवी दोरी वळत होता. घरी चला म्हटलं तर मामीच जेवण घेऊन हजर. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, वर लोण्याचा गोळा. घरी सारवण चाललंय, पाय ठेवू नका, असं तिनं बजावलं. दुपारी बांधावरच काटक्या पेटवून ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला. काळे हात, काळी तोंडं. मामा दोरी वळता वळता आजोबांच्या गोष्टी सांगत राहिला. तारेचं नाव त्यानं दिवसभरात एकदाही काढलं नाही, आणि मला उगाच आशा वाटू लागली.

संक्रांतीला पहाटे प्रकाशच्या यंत्राची पाळी आली. तो दोन्ही पायांनी पाट्यावर उभा राहून वायर ओढत होता, हरणं लांबून बघत होती. एकदाची वायर अडकली. घोडा दाबला. खाडकन असा आवाज झाला की माझ्या कानात दडे बसले. हरणं उंच उड्या घेत ओढ्यापार झाली. बघण्यासारखं दृश्य होतं, पण बघायला कुणाला वेळ होता? पलीकडच्या पडीक रानात बसवलेली मामाची मेंढरं भोवतीची जाळ्याची वाघूर तोडून उधळली, शेळ्या त्यांच्या मागं, आम्ही शेळ्यांच्या मागं. पुण्याचे जावई काट्यांतून एक कोकरू काखेत मारून आले तेव्हा त्यांच्या पँटची अवस्था सांगण्यापलीकडे होती. जनावरं गोळा करण्यात सण अर्धा सरला.

मामा खूश होता. शिकारीला हा क्रॉसबो बिनकामाचा, पण हाकलायला बराबर हाय, असं त्यानं जाहीर केलं. मी मनातल्या मनात नागनाथाला नारळ कबूल केला.

आणि उन्हं उतरताना बांधावरून बघतो तर कळप परत हरभऱ्यात. प्रकाशनं पुन्हा खाडकन केलं. ती पळाली, ओढ्याच्या काठावर थांबली, मागं वळून बघत उभी राहिली. आमची पाठ फिरायची वाट बघत.

मामा तिरकमठा खांद्याला लावून तडक घराकडे निघाला. मी मागं धावत होते, मामा ऐका तरी, म्हणत होते. तो सरळ गोठ्यात शिरला. खुंटी रिकामी होती.

“तार कुठंय?”

मामी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ओसरीवर बसली होती. समोर हळदीकुंकवाची कोयरी आणि एकच उरलेलं सुगडं. “वान लुटलं,” ती म्हणाली.

मामाला कळेना. मलाही. मग मी गल्लीत बघितलं. समोरच्या अंगणात दोन लिंबांच्या मध्ये नवी तार, त्यावर लुगडं वाळत होतं. शेजारी तार, त्यावर गोधडी. पुढच्या घरी, त्याच्या पुढच्या घरी, थेट वळणापर्यंत चकचकीत तारा आणि त्यांवर धुणं. आम्ही दोन दिवस धनुष्यं ताणत होतो तेव्हा मामी पकडीनं तारेचे तुकडे करत बसली होती. संक्रांतीला बायका एकमेकींना वाण देतात, फणी, करंडा, चहाची गाळणी असं काहीबाही. मामीनं हळदीकुंकू लावून घरोघरच्या बायकांना तार दिली होती, आणि सोबतच्या सुगड्यात मामाच्याच शेतातले घाटे.

मामा लाल झाला. मला वाटलं, आता काही खरं नाही.

“जा, घेऊन या परत,” मामी शांतपणे म्हणाली. “सांगा, आमच्या बायकूनं दिलेलं वान वापस द्या म्हनून. म्या न्हाई अडवत.”

मामा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलाही. समोरच्या म्हाताऱ्या काकूंनी त्याला थांबवून, तार फार बेस हाय हं बापू, असं सांगितलं आणि हातावर तिळगूळ ठेवला. तो खात खात परत आला. रात्री जेवताना तो मामीशी बोलला नाही, पण पोळी तिसऱ्यांदा मागून घेतली.

शेवटचं सुगडं माझं होतं. त्याच्यासोबत तारेचा एक तुकडा, कुंकू लावलेला, जुन्या पदराच्या चिंधीत गुंडाळलेला. सगळं आवरल्यावर मी मामीला विचारलं की तुझं आधीच ठरलं होतं तर आम्हाला एवढ्या लांब कशाला बोलावलंस? ती म्हणाली की मामा दिवसभर घरातच बसला असता तर तिनं तार कापली कधी असती?

पुण्यात परतल्यावर आठवड्याभरानं मामाचा फोन आला. प्रकाशचं यंत्र सकाळ-संध्याकाळ वाजवून राहिलोय, म्हणाला, पण हरणं सरावायला लागलीत, थोडं खातात, थोडं आपल्याला ठेवतात.  

“करीच्या दुसऱ्या दिवशी पहाटंची येळ हुती,” तो हळू आवाजात म्हणाला. “हरभऱ्यात खसखस ऐकू आली म्हनून काठी घेऊन पळालो. हरनं नव्हती. आपलीच शेळी, दोन पिलं घेऊन. म्या तसाच बांध वलांडून आत गेलो, अनवानी, दवात. तिला हाकलल्यावर ध्येनात आलं.” तो खाकरला. “तार बराबर तिथंच लावनार हुतो ग.”

 मामीला सांगितलंत का, एवढंच मी विचारलं.

“येडी का? जन्मभर ऐकवंल ती.”

तेवढ्यात मागून मामीचं हसणं ऐकू आलं. ती शेजारीच बसलेली असणार.

तेव्हा, हरणासाठी कुठलं धनुष्य चांगलं, हे शोधत आला असाल तर तिन्हींचं मी वर लिहिलंच आहे. नितीनचं कंपाउंड आता कपाटावर असतं. परवा त्यानं गॅलरीतली मामीच्या वाणाची तार मागितली, तीरांना रंग दिलाय, वाळत टांगतो म्हणाला. मी दिली नाही. तिच्यावर आमचे टॉवेल वाळत होते.