कातळच्या छायेच्या रेषा

कुमुद रेडकरला रेषा कळायची. चित्रकार म्हणवून घेण्याइतकं नाव तिने कधी कमावलं नाही, पण दुबईच्या अल क्वोज भागातल्या लोखंडी कामाच्या वर्कशॉपात ड्राफ्ट्समन म्हणून आराखडे काढण्यात चौदा वर्षं घालवल्यावर तिथले इंजिनियरही नवं ड्रॉइंग आधी तिच्या टेबलावर ठेवत. ‘ड्राफ्ट्सवुमन म्हणायचं का?’ असं एका नव्या मॅनेजरने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “काहीही म्हणा, फक्त माझ्या सहीशिवाय शीट कारागिरांकडे पाठवू नका.”

ही सगळी विद्या तिला मिळाली एका उडणाऱ्या माणसाकडून. सांगलीत ती शाळेत होती तेव्हा एका साप्ताहिकात ‘झंझावात’ नावाची चित्रकथा यायची. निळा अंगरखा, डोळ्यांवर पट्टी आणि कृष्णेच्या पुलावरून झेप घेणारा नायक. चित्रकार वसंतराव इंगवले. कुमुदचे वडील मिठाईच्या पुडक्यांचा पातळ बटरपेपर जपून ठेवायचे, कुमुद तो चित्रावर धरून झंझावातचा हात, बूट, अंगरख्याची चुणी गिरवायची. पुढे आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून ती बसली, तेव्हा मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, “हात कुठे बसवलास गं?” तिने खरं ते सांगितलं आणि अख्खा वर्ग हसला. ती हसली नाही. वर्षअखेरीला पहिली आली.

लग्नानंतर अठ्ठ्याऐंशी साली ती श्रीनाथबरोबर दुबईला आली. श्रीनाथ एका शिपिंग कंपनीत होता. वर्कशॉपात तेव्हा मोठी तिरकी टेबलं, शाईची पेनं आणि ट्रेसिंग शीट होती. शहाण्णव साली कॉम्प्युटर आले आणि हाताने काढणारे चौघे जण सहा महिन्यांत गावी परतले. कुमुदने मात्र रोज तासभर आधी येऊन माऊस धरायला शिकून घेतलं. “यल्ला, चला, हे पण जमेल,” एवढंच ती म्हणाली, आणि जमवलं.

झंझावात बंद पडून तोवर किती तरी वर्षं झाली होती. पण त्याचे चाहते काही संपले नव्हते. दुबईतल्याच करामा भागात गुणवंत सबनीसच्या घरी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दहा-पंधरा जण जमत. जुने अंक पिशव्यांतून आणत, पोहे खात, भांडत. गुणवंत एका कंपनीत पर्चेस ऑफिसर होता. झंझावातचे सगळे अंक त्याच्याकडे प्लास्टिकच्या पाकिटात होते आणि कुठल्या अंकात खलनायकाला किती दात दाखवलेत हे तो न बघता सांगे. कुमुदच्या वर्कशॉपातला वेल्डर गनी परकार, रत्नागिरीचा, तोही यायचा. गनीभाई बोलायचे कमी, चित्रं मात्र बोट फिरवून वाचायचे.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये बातमी आली, की इंगवल्यांचा नवा नायक येतोय. वय वर्षं एकाहत्तर, अठरा वर्षांनी पुन्हा चित्रकथा! गुणवंतच्या ऑफिसातला एक जण पुण्याहून वीस अंक बॅगेत घालून घेऊन आला. “दहा दिरहम, म्हणजे सव्वाशे रुपये,” गुणवंतने प्रत्येकाला अंक देताना मोठ्याने सांगितलं, “पण इंगवल्यांसाठी हजार मागितले असते तरी दिले असते.”

नव्या नायकाचं नाव होतं कातळ. तो उडत नव्हता. त्याला पट्टी नव्हती, अंगरखा नव्हता. रुंद खांद्यांचा, पन्नाशीचा, मळक्या सदऱ्यातला माणूस, आणि त्याची ताकद एकच: तो एकदा उभा राहिला की त्याला कुणी हलवू शकत नसे. धरण फुटतं, तो दारात उभा राहतो. ट्रक सुटतो, तो रस्त्यात उभा राहतो.

गुणवंतच्या हॉलमध्ये अर्धा तास फक्त पानं उलटल्याचा आवाज होता. मग एकदम सगळे बोलायला लागले.

“उडतच नाही? हा कसला सुपरहिरो?”

“नुसता उभा! ॲक्शन कुठे आहे?”

“अरे, चेहरा बघा, आमच्या अकाउंट्समधल्या नायरसारखा दिसतो!”

गनीभाईंनी मान वर केली. “मला बरा वाटला,” ते म्हणाले. “बीम धरताना माणूस असाच उभा राहतो. पायांत अंतर, गुडघा जरा मोडलेला. चित्र काढणाऱ्याने कधीतरी वजन उचललंय.”

पण गुणवंत वेगळंच काही बघत होता. त्याने जुना झंझावात आणि नवा कातळ शेजारी शेजारी ठेवले आणि खिशातून भिंग काढलं. “इकडे या सगळे,” तो म्हणाला. “छायेच्या रेषा बघा. इंगवल्यांच्या रेषा आयुष्यभर उजवीकडे झुकलेल्या. पावसाची सर तिरकी येते तशा. आणि इथे? डावीकडे! प्रत्येक पानावर! हे इंगवल्यांनी काढलेलंच नाही. त्यांचं नाव लावून दुसऱ्या कुणीतरी काढलंय. फसवलंय आपल्याला.”

भिंग हातोहात फिरलं. गुणवंतचं म्हणणं खरं होतं, रेषा उलट्याच होत्या. संध्याकाळपर्यंत प्रकाशकांना पाठवायचं निषेधाचं पत्र तयार झालं. सह्या घेताना तो कुमुदपाशी आला. “वहिनी, तुमची सही आधी हवी. तुम्ही प्रोफेशनल आहात.”

“मी आठवडाभर बघते, मग सांगते,” कुमुद म्हणाली.

घरी तिने अंक जेवणाच्या टेबलावर उघडला. तिची बारा वर्षांची मुलगी पर्णिका शेजारी येऊन उभी राहिली. तिला मराठी वाचायचा कंटाळा, तिने नुसती चित्रं पाहिली आणि इंग्रजीत म्हणाली, “ही लुक्स सो टायर्ड, मम्मा. बट ही वोन्ट मूव्ह.”

“आवडला का?”

“येस. अ लॉट.”

कुमुदला वर्कशॉपातला मॅथ्यू आठवला. केरळचा मॅथ्यू डावखुरा होता. हातकामाच्या दिवसांत त्याच्या ड्रॉइंगमधल्या, कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या छेदरेषा नेहमी उलट्या दिशेला झुकायच्या आणि मॅनेजर ओरडायचा, तेव्हा तो शीट आडवी फिरवून काढायचा. उजव्या हाताला एक तिरकेपणा सोपा, डाव्या हाताला दुसरा. मनगटच तसं वळतं.

म्हणजे हे कुणा डावखुऱ्याचं काम होतं. पण कुणाचं?

तिने ऑफिसातून ट्रेसिंगचा जुना कागद आणला आणि कातळचा चेहरा गिरवायला घेतला. चौथ्या-पाचव्या रेषेलाच तिचा हात थांबला. गालावरची छाया चेहऱ्याच्या कडेपर्यंत जात नव्हती. मध्ये दोऱ्याएवढी पांढरी फट सोडलेली होती. अशी फट झंझावातच्या प्रत्येक चेहऱ्याला होती. शाळेत असताना ती नेमकी हीच फट बुजवून टाकायची आणि चेहरा सपाट व्हायचा, का ते कळायला तिला वर्ष लागलं होतं. तिने कातळचे हात पाहिले, मानेची घडी पाहिली, पाण्याचे फवारे पाहिले. सगळीकडे तीच समज. फक्त रेषा जरा थरथरत होती, उलटी होती, आणि लांब रेषेच्या जागी तीन-तीन तुकडे जोडलेले होते.

कुमुदने पेन्सिल खाली ठेवली. इंगवल्यांनी हे डाव्या हाताने काढलं होतं.

बुधवारी तिने फोनकार्ड विकत घेतलं. प्रकाशकांच्या ऑफिसातल्या माणसाने बरीच टाळाटाळ केली. “मी त्यांच्या चित्रांवर हात बसवलाय, मला फक्त दोन मिनिटं बोलायचंय,” असं तिने तिसऱ्यांदा ठणकावल्यावर त्याने घरचा नंबर दिला.

फोन खुद्द इंगवल्यांनीच उचलला. आवाज जड होता, शब्द सावकाश येत होते. कुमुदने नाव सांगितलं आणि सरळ विचारलं, “सर, उजवा हात कधीपासून चालत नाही?”

कार्डातली मिनिटं पळत होती, पण कुमुद उत्तराची वाट बघत राहिली.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही. तुमच्या रेषांनी सांगितलं. गालाजवळची फट तशीच आहे.”

इंगवले हसले. “दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली. दीड वर्ष नुसत्या उभ्या रेघा ओढत होतो, बालवाडीतल्या मुलासारखा. उडणारा माणूस काढायला लांब, सपकन जाणारी रेष लागते, ती आता येत नाही. मग म्हटलं, न उडणारा काढू.” थोडं थांबून ते म्हणाले, “बाई, एक करा. हे कुणाला सांगू नका. लोकांनी आधी चित्र बघावं. आजारी म्हाताऱ्याचं चित्र म्हणून नको. वेळ आली की माझं मी सांगेन.”

“नाही सांगणार,” कुमुद म्हणाली.

शुक्रवारी निषेधाच्या पत्रासाठी गुणवंतकडे मुद्दाम बैठक ठरली होती. तेरा सह्या झाल्या होत्या. कुमुद आत आली, चप्पल काढली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “गुणवंत, हे काम इंगवल्यांचंच आहे.”

“मग छायेच्या रेषा उलट्या का?”

“ते मी सांगणार नाही.”

“म्हणजे तुम्हाला माहीत आहे?”

“हो.”

“वहिनी, हे काय बोलणं झालं? पुरावा द्या!”

“पुरावा तुझ्या हातात आहे. भिंग काढ.” तिने दोन्ही अंक उघडले आणि गालाजवळची पांढरी फट दाखवली. मग मानेची, मग मनगटाची. सगळे वाकून बघत होते. गनीभाई हळूच म्हणाले, “आहे खरी.”

गुणवंत हटला नाही. “कुणीही नक्कल करेल ही. दहा वर्षं अभ्यास केला तर जमेल.”

“मी तीस वर्षं केलाय,” कुमुद म्हणाली, “मला अजून जमलेली नाही.”

कुणी हसलं, कुणी खाकरलं. गुणवंतचा चेहरा लाल झाला. “पत्र जाणार,” तो म्हणाला. “सह्या झाल्यात.”

“जाऊ दे की. फक्त खाली माझी एक ओळ घाल.” तिने त्याचं पेन घेतलं आणि तेरा सह्यांच्या खाली लिहिलं: ‘वरील मताशी मी सहमत नाही. प्रत्येक रेषा वसंतराव इंगवले यांची आहे. कुमुद रेडकर, ड्राफ्ट्समन, दुबई.’

परतताना गाडीत, न्यायला आलेल्या श्रीनाथने सगळं ऐकून विचारलं, “एवढ्या लोकांत एकटी पडलीस, वाईट वाटलं?”

“छे. मला माहीत असलेलं खोटं थोडंच होणार आहे?” ती म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली.

पुढचे दोन महिने मंडळातले काही जण तिच्याशी जरा तुटकच वागले. तिने पोह्यांचा डबा नेणं आणि दुसरा अंक सगळ्यांच्या आधी वाचणं काही सोडलं नाही. दुसऱ्या अंकात कातळ कोसळत्या शाळेच्या छपराखाली उभा राहिला आणि तो अंक गनीभाईंनी वर्कशॉपच्या कॅन्टीनमध्ये फिरवला. मराठी न येणारे बिहारी, पठाण फिटरसुद्धा चित्रं बघून ‘अगला कब आएगा’ विचारायला लागले.

तिसरा अंक ऑगस्टमध्ये आला. गुणवंतने गठ्ठा फोडून अंक वाटले तेव्हा सगळे हजर होते आणि आधी सगळ्यांनी कथा वाचून काढली. मागच्या पानावर त्यांचं पत्र जसंच्या तसं छापलेलं होतं, तेरा सह्या आणि कुमुदच्या ओळीसकट. खाली इंगवल्यांचं उत्तर होतं. गुणवंत मोठ्याने वाचू लागला: “‘आखातातल्या वाचकांची शंका रास्त आहे. रेषा उलट्या आहेत, कारण हात दुसरा आहे.’” पुढचं त्याने सावकाश वाचलं. आजारपण, दीड वर्षाचा सराव, आणि शेवटी: “‘एका बाईंनी हे सहा दिवसांत ओळखलं आणि मी सांगितलं म्हणून पाच महिने तोंड मिटून ठेवलं. असा वाचक मिळाला, मला आणखी काय हवं?’”

कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसायची घाई केली नाही.

“खलास,” गुणवंत शेवटी म्हणाला. “वहिनी, माझी चूक झाली.”

“रेषा उलट्या आहेत हे पहिल्यांदा तूच पकडलंस,” ती म्हणाली. “तुझ्या भिंगाशिवाय मी तिकडे पाहिलंही नसतं.”

गुणवंतने लगेच कोरा कागद घेतला आणि दुसरं पत्र सुरू केलं. ‘आम्ही सर्व जण आपली अंतःकरणपूर्वक क्षमा’ इथवर आल्यावर कुमुदने कागद ओढून घेतला.

“एका ओळीत माफी माग आणि कामाचं विचार. अकराव्या पानावर कातळच्या पायात चपला आहेत, बाराव्यावर बूट. मध्ये तो जागचा हललेलाच नाही. मग घातले कधी?”

चौदा माणसं एकदम अकरावं पान उघडायला लागली.