घासभर भात

पिंपरीच्या औषध कारखान्यात तो चीनहून शिकायला आला होता. बोलताना प्रत्येक शब्दानंतर थांबायचा, तो समोरच्याला पोचला का ते बघायचा, मग पुढचा काढायचा. रविवारी आमच्याकडे जेवायला असे. आई त्याच्यासाठी तिखट कमी करी, तरी तो दर वेळी ताटात घासभर भात ठेवून हसत उठे.

"माझ्या हातचं आवडत न्हाई त्याला," आई एकदा म्हणाली, आणि तिनं त्याला बोलावणं सोडलं. मग रविवारी तो शेजारच्या त्याच्या खोलीच्या पायरीवर एकटाच शेंगा सोलत बसलेला दिसे.

त्याचं परत जायचं ठरलं तेव्हा मी त्याला विचारलंच. तो म्हणाला, "ताट... रिकामं केलं... तर वाढणाऱ्याला वाटतं... पोट भरलं नाही. माझ्या आईनं... शिकवलं."

मी त्याला आमची रीत सांगितली, आईला त्याची. जायच्या आदल्या दिवशी आईनं त्याला जेवायला बोलावलं.

त्या दिवशी त्यानं ताटात शीतसुद्धा ठेवलं नाही. आईनं लगेच वाढलं. त्यानं तेही संपवलं. तिनं पुन्हा वाढलं. घास उतरत नव्हता, तरी तो तिच्याकडे बघत खात राहिला. दोघांपैकी कुणालाही थांबवणं मला जमलं नाही. पातेलं खरवडून झालं तेव्हाही ताट रिकामंच होतं.

तो गेल्यावर आई ते ताट पुढ्यात घेऊन बसून राहिली.

"उपाशीच गेलं पोर," ती म्हणाली.